संदर्भ पहिल्या दिवसापासून

प्रबंध सादर करायचे दिवस जवळ आले की माझ्या टेबलावर स्पायरल केलेल्या प्रती जमू लागतात. कुणी माजी विद्यार्थिनी असते, कुणी तिच्या ओळखीतून आलेला असतो. मागणी बहुतेक एकच: ‘मजकूर सरांनी बघितलाय, तुम्ही फक्त संदर्भ बघून द्या.’ गेल्या पावसाळ्यात अशीच एक प्रत आली. मराठी समीक्षेवरचा प्रबंध होता, मेहनत पानापानावर दिसत होती. तिसऱ्या प्रकरणात एका महत्त्वाच्या विधानापुढे कंस होता: (कुलकर्णी, १९८२, पृ. ४५). मी विचारलं, ‘यातले कुलकर्णी कोणते?’ मुलगी गप्प झाली. मराठी समीक्षेत गो. म. कुलकर्णी आहेत, व. दि. कुलकर्णी आहेत, द. भि. कुलकर्णी आहेत आणि तिच्या सूचीत तिघांचीही पुस्तकं होती. १९८२ हे वर्ष मात्र एकाही पुस्तकापुढे नव्हतं, कारण वाचताना एक आवृत्ती हाती होती आणि सूची करताना दुसरी. तिने चार वह्या चाळल्या, मोबाइलमधले फोटो पाहिले. ते वाक्य कुठून घेतलं हे सापडलं नाही. पुढचं दीड पान त्या वाक्यावर उभं होतं, तेही काढावं लागलं.

हे टाळता येतं. पण शेवटच्या महिन्यात नाही, पहिल्या दिवशी. म्हणून हा लेख ज्यांनी नुकतीच नोंदणी केली आहे त्यांनी आधी वाचावा. ज्यांचा प्रबंध बांधणीला निघाला आहे त्यांनाही त्याचा उपयोग होईल, पण कमी.

संदर्भाचं काम एकच आहे. तुमचं पान वाचणाऱ्याला वाटलं की हे खरंच असं आहे का ते पाहावं, तर त्याने जागेवरून उठावं, जयकर ग्रंथालयात किंवा गोखले संस्थेच्या ग्रंथालयात जावं आणि तेच पुस्तक, तीच आवृत्ती, तेच पान उघडावं. एवढं घडलं की संदर्भ बरोबर. कंस कुठे, स्वल्पविराम कुठे, वर्ष आधी की नंतर, हे सगळे नियम या एका कामासाठी आहेत. एखादा नियम आठवत नसेल तर स्वतःला विचारा: माझा वाचक त्या पानापर्यंत पोहोचेल का? बहुतेक वेळा उत्तर तिथेच मिळतं.

पुण्यातल्या मुलांना हे समजावायला मला लांब जावं लागत नाही. मी त्यांना भांडारकर संस्थेत जाऊन महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचा एखादा खंड उघडायला सांगते. हे काम १९१९ साली सुरू झालं आणि १९६६ साली पुरं झालं. १,२५९ हस्तलिखितं त्यासाठी पाहिली गेली. १९२५ पासून विष्णु सीताराम सुखटणकर त्याचे प्रमुख संपादक होते. कुठलंही पान पाहा. वर मोठ्या अक्षरांत श्लोक आहेत आणि खाली बारीक टायपात पाठभेद. शारदा लिपीतल्या पोथीत इथे कोणता शब्द आहे, बंगाली पोथ्यांत कोणता, ग्रंथ लिपीतल्या आणि मल्याळम पोथ्यांत कोणता, हे प्रत्येक पोथीची ठरवलेली खूण देऊन नोंदवलेलं आहे. संपादकांनी एक शब्द निवडला, पण जे निवडले नाहीत तेही वाचकासमोर ठेवले. ‘तुम्हाला माझं पटत नसेल तर हे घ्या, स्वतः पाहा’ असं ते पान म्हणतं. तुमच्या प्रबंधातली तळटीप याच घराण्यातली आहे. ती परीक्षकाला खूश करण्यासाठी नाही.

आता शैलीबद्दल. मराठी विभागात, इतिहासात, शिक्षणशास्त्रात, समाजशास्त्रात वेगवेगळ्या पद्धती चालतात. एपीए ही पद्धत लेखक आणि वर्ष कंसात देते. मानसशास्त्र, शिक्षण आणि एकूण सामाजिक शास्त्रांत तिचा वावर जास्त, आणि सध्या तिची सातवी आवृत्ती चालते. एमएलए भाषा-साहित्यातली, ती कंसात लेखक आणि पृष्ठ देते, नववी आवृत्ती २०२१ सालची. शिकागो पद्धतीत दोन वाटा आहेत, त्यातली तळटिपांची वाट इतिहासवाल्यांना आवडते. वैद्यकात आकड्यांची व्हॅंकूवर पद्धत. तुमच्या विभागाचं किंवा विद्यापीठाचं यावर परिपत्रक असेल तर प्रश्नच मिटला. ते डाउनलोड करा, छापा, टेबलासमोर चिकटवा. नसेल तर मार्गदर्शकांना लेखी विचारा आणि उत्तर जपून ठेवा. ‘सर म्हणाले होते’ हे तीन वर्षांनी सरांनाही आठवत नाही.

निवड तुमच्यावर सोडली असेल तर माझं मत स्पष्ट आहे. इतिहासाचा प्रबंध असेल तर तळटीपच. मोडी कागदाचा संदर्भ कंसात मावत नाही आणि कोंबला तर वाक्य वाचता येत नाही. साहित्याचा असेल तर एमएलए किंवा तळटीप. एपीए साहित्याला थोडी परकी पडते, कारण ती वर्षाला फार महत्त्व देते आणि आपल्याकडे कवितेचं वर्ष, संग्रहाचं वर्ष आणि हातातल्या आवृत्तीचं वर्ष ही तिन्ही वेगळी असतात.

कोणतीही पद्धत घेतली तरी एक गोष्ट करा. पहिल्या आठवड्यात एका कागदावर आपल्या प्रबंधाची नियमपत्रिका लिहा. एका लेखकाचं पुस्तक कसं लिहायचं, संपादित ग्रंथातला लेख कसा, मासिकातला लेख कसा, वृत्तपत्र कसं, मुलाखत कशी, पोथी कशी, संकेतस्थळ कसं. प्रत्येकाचा एकेक खरा नमुना. संक्षेपही ठरवा: पृ., खं., संपा., अनु., आवृ. ‘पृष्ठ’ एका प्रकरणात ‘पृ.’ आणि दुसऱ्यात ‘पान’ झालं तर परीक्षकाला मजकुरावरही शंका येऊ लागते. २०२२ च्या विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमावलीप्रमाणे दर सत्राला संशोधन सल्लागार समितीपुढे प्रगती मांडावी लागते. पहिल्याच सत्रात ही पत्रिका त्यांच्यासमोर ठेवा. जे बदल व्हायचे ते तेव्हाच होऊन जाऊ देत.

‘तत्रैव’बद्दल सावध करते. ‘वरीलप्रमाणेच’ सांगणारा हा शब्द हाताने लिहिण्याच्या काळात सोयीचा होता. आता आपण परिच्छेद उचलून दुसरीकडे टाकतो, मध्ये नवी तळटीप घुसते आणि तत्रैव भलत्याच पुस्तकाकडे बोट दाखवू लागतो. ‘उनि.’, म्हणजे उपरिनिर्दिष्ट, याचीही तीच गत. त्याऐवजी दुसऱ्या वेळेपासून लेखक आणि लहान केलेलं शीर्षक द्या: ‘राजवाडे, साधने, खं. १, पृ. १२’. शिकागो पद्धतीनेही २०१७ च्या आवृत्तीपासून हाच कल दाखवला आहे. दोन शब्द जास्त टाइप करावे लागतात, पण चूक होत नाही.

खरी अडचण यापुढे आहे. या सगळ्या पद्धती इंग्रजी पुस्तकं समोर ठेवून घडल्या. आपले स्रोत वेगळे आहेत आणि त्यांच्यासाठी निर्णय आपल्यालाच घ्यावे लागतात.

नावापासून सुरुवात करू. इंग्रजी पद्धतीत मजकुरात नुसतं आडनाव येतं. मराठीत आद्याक्षरं हीच ओळख आहे. गो. म., व. दि., द. भि. अशीच आपण माणसं ओळखतो. म्हणून मराठी लेखकाचं नाव मजकुरातही आद्याक्षरांसह द्यावं असं मी सांगते. एकाच आडनावाचे दोन लेखक असतील तर एपीएसुद्धा आद्याक्षरं मागते. सूचीत आडनाव आधी: ‘नेमाडे, भालचंद्र’. डॉ., प्रा., संत, महात्मा, लोकमान्य या उपाध्या सूचीत नकोत. टिळक ‘ट’मध्येच सापडले पाहिजेत. मजकुरात ‘फुले म्हणतात’ असं आदरार्थी लिहिलं की आदर पुरेसा पोहोचतो. ज्ञानेश्वर, नामदेव, तुकाराम, जनाबाई यांना आडनावाच्या चौकटीत बसवू नका, आहे त्या नावाने लावा.

टोपणनावं हा आपल्याकडचा मोठा भाग आहे. ‘विशाखा’वर कुसुमाग्रज हे नाव आहे आणि ‘नटसम्राट’वर वि. वा. शिरवाडकर. ‘जोगवा’ आरती प्रभूंचा, ‘कोंडुरा’ चिं. त्र्यं. खानोलकरांची. ‘कळ्यांचे निःश्वास’ विभावरी शिरूरकर या नावाने आलं, लेखिका मालतीबाई बेडेकर. नियम सोपा ठेवा: पुस्तकावर जे नाव छापलं आहे तेच नोंदीत, आणि दुसऱ्या नावाखाली फक्त वाट दाखवणारी ओळ: ‘बेडेकर, मालती: पाहा शिरूरकर, विभावरी’. ग्रंथालयाच्या कपाटापाशी उभा असलेला वाचक छापलेल्या नावानेच शोधणार आहे.

आवृत्तीत तर फारच गोंधळ होतो. ‘कोसला’ १९६३ साली पुण्याच्या देशमुख आणि कंपनीने काढली. आज बहुतेकांच्या हातात पॉप्युलरची प्रत असते. पानं जुळत नाहीत. तरी प्रबंधांत ‘नेमाडे, १९६३, पृ. अमुक’ असं लिहून पृष्ठक्रमांक नव्या प्रतीचा दिलेला मी पुन्हा पुन्हा पाहते. हातात जी आवृत्ती आहे तिचंच वर्ष, तिचाच प्रकाशक, तिचंच पान. पहिल्या आवृत्तीचं वर्ष महत्त्वाचं असेल तर दोन्ही द्या. ‘गुलामगिरी’ १८७३ सालचं. तुम्ही ते महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाच्या ‘महात्मा फुले समग्र वाङ्मय’मधून वाचता. त्याचं पहिलं संपादन धनंजय कीर आणि स. गं. मालशे यांचं, १९६९ चं, पुढचं य. दि. फडके यांचं, १९९१ चं. फडके संपादित प्रत तुमच्या हाती असेल तर कंसात ‘फुले, १८७३/१९९१’ असं लिहा. नुसतं ‘फुले, १९९१’ पाहून एका परदेशी वाचकाने मला विचारलं होतं की हे लेखक सध्या कुठे असतात. प्रश्न अगदी मनापासून होता आणि चूक आमच्या नोंदीची होती.

संतसाहित्यात पृष्ठक्रमांकापेक्षा ओवी-अभंगाचा क्रमांक भरवशाचा, पण तोही आवृत्तीसह. ज्ञानेश्वरीसाठी अध्याय आणि ओवी: ‘ज्ञानेश्वरी, १८.१७९४’. राजवाड्यांच्या प्रतीतला ओवीक्रम आणि इतर प्रतींतला क्रम नेहमी एक नसतो, म्हणून कोणती प्रत वापरली ते पहिल्या तळटिपेत एकदा सांगून टाका. तुकोबांच्या गाथेत तर अभंगांचे क्रमांक प्रतीप्रतीला वेगळे. १९५० साली मुंबई सरकारने काढलेली गाथा आणि विष्णुबुवा जोगांची गाथा शेजारी ठेवून एकच अभंग शोधून पाहा, म्हणजे मी काय म्हणते ते कळेल. लीळाचरित्रात नेने, तुळपुळे, कोलते यांच्या संपादनांतले लीळाक्रम वेगळे आहेत. तिथे संपादकाचं नाव नसलेला संदर्भ निरुपयोगी आहे.

वर्षांचं गणितही घ्या. जुन्या पुस्तकावर आणि मासिकावर शक असतो. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो. पण जानेवारीपासून फाल्गुन संपेपर्यंतच्या मजकुराला ७९ मिळवावे लागतात. महिना माहीत नसेल तर दोन्ही वर्षं दाखवा: ‘शके १८१२ (इ. स. १८९०-९१)’. मोडी कागदात सुहूर सन असेल तर ५९९ किंवा ६००. मूळ सन आधी लिहा, इसवी सन नंतर कंसात. उलट केलंत तर तुमचं गणित चुकलं की कागदावरच तसं होतं, हे पुढच्याला कधीच कळणार नाही.

पुस्तकावर सालच नाही, पहिलं पान फाटलेलं आहे, असं पुण्यातल्या जुन्या ग्रंथालयांत नेहमी होतं. अशा वेळी शंकर गणेश दाते यांची ‘मराठी ग्रंथसूची’ काढा. १८०० ते १९३७ या काळातली छापील मराठी पुस्तकं त्यांनी एका खंडात नोंदवली, पुढच्या खंडात १९५० पर्यंतची. ही सूची ज्याने एकदा हाताळली त्याला संदर्भ म्हणजे काय हे वेगळं सांगावं लागत नाही. तिथून मिळालेलं साल चौकटी कंसात द्या, म्हणजे ते पुस्तकावर छापलेलं नाही हे दिसेल. विश्वकोशातल्या नोंदीच्या शेवटी लिहिणाऱ्याचं नाव असतं, तेही द्या. ‘विश्वकोश, खंड अमुक’ एवढ्यावर थांबलात तर त्या विद्वानाचं श्रेय तुम्ही गाळलंत.

अप्रकाशित कागदांबद्दल वेगळी शिस्त हवी. पुणे पुराभिलेखागारात पेशवे दफ्तराचे कागद रुमालांत बांधलेले आहेत. संस्थेचं नाव, दफ्तराचं नाव, रुमाल क्रमांक, असेल तर पुडक्याचा क्रमांक, कागदाची तारीख, हे सगळं तिथल्या तिथे, कागद समोर असताना लिहा. घरी येऊन लिहू म्हणालात की संपलं. गो. स. सरदेसाई यांनी याच दफ्तरातल्या निवडक कागदांचे पंचेचाळीस भाग १९३० ते १९३४ या काळात काढले. तुम्ही मूळ कागद पाहिला की सरदेसायांचा छापील भाग पाहिला, हे प्रामाणिकपणे वेगळं ठेवा. छापील भाग पाहून रुमालाचा क्रमांक देणं ही फसवणूक आहे, मग ती कितीही जण करत असोत. एखादं वचन दुसऱ्याच्या पुस्तकातून घेतलं असेल तर ‘उद्धृत’ असं लिहून त्या दुसऱ्या पुस्तकाचंच पान द्यावं. त्यात कमीपणा नाही.

मी हे शिकले ते स्वतःच्या चुकीतून. माझ्या कामाच्या वेळी मी पोस्टकार्डाएवढ्या कार्डांवर टिपणं काढत असे. एका कार्डावर एका जुन्या वृत्तपत्रातल्या अग्रलेखाचा उतारा होता, सुवाच्य अक्षरात, आणि खाली फक्त ‘केसरी, अग्रलेख’. तारीख नाही. केसरी १८८१ पासून निघतोय. त्या एका तारखेसाठी मी एका ग्रंथालयात बांधीव फायलींसमोर अकरा दिवस बसले. कागद इतका जीर्ण की पान उलटताना कडा बोटाला चिकटून येत. तारीख मिळाली, पण त्या अकरा दिवसांत त्या फायलींचं माझ्या हातून नुकसान झालं, याची मला आजही खंत आहे. तेव्हापासून मी कार्ड उलटं भरते: आधी लेखक, शीर्षक, आवृत्ती, प्रकाशक, गाव, वर्ष, पान आणि पुस्तक कुठल्या ग्रंथालयातलं त्याचा दाखल क्रमांक. मग उतारा. फोटो काढत असाल तर आधी शीर्षकपृष्ठाचा, मग त्यामागच्या प्रकाशनाच्या माहितीचा, आणि मग हव्या त्या पानाचा, पृष्ठक्रमांक दिसेल असा.

गावाबद्दल एक शब्द. एपीएच्या सातव्या आवृत्तीने प्रकाशनस्थळ काढून टाकलं. मराठी पुस्तकांसाठी मात्र ते ठेवायला मार्गदर्शकांची परवानगी मागा. आपले कित्येक प्रकाशक लहान होते, एका माणसाचे होते आणि आता बंद आहेत. ‘वाई’, ‘मालवण’, ‘जळगाव’ एवढ्या एका शब्दावरून पुस्तकाचा माग लागतो.

पानाच्या मांडणीवर थोडक्यात. ए-फोर कागद, बांधणीच्या बाजूला दीड इंच समास, बाकी तीन बाजूंना एक इंच, हे बहुतेक ठिकाणी चालतं. तुमच्या विद्यापीठाचा आकडा वेगळा असेल तर तोच पाळा. देवनागरी अक्षर इंग्रजीपेक्षा लहान दिसतं, म्हणून इंग्रजीला बारा असेल तर मराठीला चौदा. ओळींतलं अंतर दीड ठेवा, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीत घुसतो. पुस्तकाचं नाव तिरकं छापा असं इंग्रजी नियम सांगतात. देवनागरीला तिरक्या अक्षरांची परंपरा नाही, संगणक अक्षर नुसतं वाकवतो आणि ते पडल्यासारखं दिसतं. मजकुरात एकेरी अवतरण आणि सूचीत ठळक अक्षर वापरा. ‘वि. का.’मधला ‘वि.’ ओळीच्या शेवटी आणि ‘का.’ पुढच्या ओळीवर जाऊ नये म्हणून मध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि स्पेस एकत्र दाबून न तुटणारी जागा द्या. सुरुवातीच्या पानांना, म्हणजे प्रतिज्ञापत्र, प्रमाणपत्र, ऋणनिर्देश, अनुक्रमणिका यांना, मराठी पुस्तकांच्या रिवाजाप्रमाणे (एक), (दोन), (तीन) असे अक्षरी क्रमांक शोभतात आणि पहिल्या प्रकरणापासून १ सुरू होतो. अनुक्रमणिका हाताने टाइप करू नका. वर्डमधल्या शीर्षकांच्या स्टाइल्स लावा, ती आपोआप तयार होते आणि शेवटच्या रात्री पानं सरकली तरी एका क्लिकवर सुधारते.

फाँट युनिकोडच हवा. श्रीलिपी आणि आयएसएम या पुण्यात घडलेल्या सोयींनी मराठी डीटीपीचा जम बसवला, त्यांचे उपकार आहेत. पण त्यांतल्या युनिकोडपूर्व फाँटमध्ये टाइप केलेला प्रबंध पीडीएफ झाला की संगणकाच्या लेखी ती इंग्रजी अक्षरांची निरर्थक रांग असते. तुमचा प्रबंध शोधगंगेवर जाणार, तिथे कुणी मराठी शब्द टाकून शोधलं तर तो सापडणार नाही. चार वर्षांचं काम असं आंधळ्या कपाटात ठेवू नका.

वर्णानुक्रम संगणकाने लावून दिला तरी डोळ्यांनी तपासा. मराठी वर्णमालेत ळ, क्ष, ज्ञ शेवटी येतात. संगणकाला क्ष म्हणजे क आणि ष यांची जोडणी वाटते, त्यामुळे श्री. के. क्षीरसागर बऱ्याचदा ‘क’मध्ये जाऊन बसतात. उताऱ्यांचं लेखनही सांभाळा. तुमचं स्वतःचं लेखन साहित्य महामंडळाच्या नियमांप्रमाणे, पण निबंधमालेतला किंवा केसरीतला उतारा मुळाबरहुकूम. ‘कांहीं’, ‘नाहीं’ यांवरचे अनुस्वार तुम्ही पुसायचे नाहीत. काही घालावं लागलं तर चौकटी कंसात. लांब उतारा, एपीएत चाळीस शब्दांपासून पुढे, वेगळ्या परिच्छेदात, आत सरकवून, अवतरणचिन्हांशिवाय.

साम्य तपासणीची मुलांना फार धास्ती असते. आयोगाचे २०१८ चे नियम स्पष्ट आहेत: दहा टक्क्यांपर्यंत साम्याला दंड नाही, दहाच्या वर चाळीसपर्यंत असेल तर सहा महिन्यांच्या आत सुधारून द्यायचं, चाळीसच्या वर साठपर्यंत असेल तर एक वर्ष सुधारित प्रबंध देता येत नाही, साठच्या वर नोंदणीच रद्द. श्रेय देऊन घेतलेली अवतरणं, संदर्भसूची, अनुक्रमणिका, ऋणनिर्देश यांची त्यात गणना होत नाही. म्हणजे नीट अवतरण आणि नीट संदर्भ हे तुमचं संरक्षण आहे. टक्का कमी दिसावा म्हणून दुसऱ्याच्या वाक्यातले शब्द बदलून संदर्भ गाळणारे असतात. यंत्राला ते कळणार नाही कदाचित, पण त्या विषयात आयुष्य घालवलेल्या परीक्षकाला दुसऱ्या ओळीत कळतं.

झोटेरोसारखं मोफत साधन जरूर शिका. एक दुपार पुरते. नोंदी एकदा भरल्या की शैली बदलणं सोपं होतं. फक्त मराठी नोंदींत ते इंग्रजी पद्धतीचे शब्द घालतं, ‘आणि इतर’, ‘संपा.’ हे तुम्हाला शेवटी हाताने नीट करावं लागतं. आणि चॅटबॉटला संदर्भसूची मागू नका. गेल्या दोन वर्षांत माझ्याकडे आलेल्या प्रतींत अशा नोंदी दिसू लागल्या आहेत: लेखक खरा, प्रकाशक खरा, शीर्षक अगदी पटण्यासारखं, आणि तसं पुस्तक कधी निघालेलंच नाही. मराठीबाबत हे जास्त घडतं. जे पुस्तक तुमच्या हातात आलं नाही, पडद्यावर पानं उलटून पाहिलं नाही, ते सूचीत येता कामा नये. याला अपवाद नाही.

अप्पा बळवंत चौकाकडे बांधणीला जाण्याआधी दोन दिवस राखून ठेवा. हे काम दोघांनी करायचं. मैत्रिणीला, भावाला, कुणालाही बसवा. विषय कळण्याची गरज नाही. तुम्ही प्रबंध पहिल्या पानापासून उघडा आणि प्रत्येक संदर्भ मोठ्याने वाचा: नाव, वर्ष, पान. समोरचा सूचीत ती नोंद शोधेल आणि पेन्सिलीने बरोबरची खूण करेल. जी मजकुरात आहे पण सूचीत नाही, ती भरायची. शेवटी सूचीत ज्या नोंदींपुढे खूण नाही, त्या एकेक करून पाहायच्या: वाचलं होतं पण वापरलं नाही, की वापरलं आणि सांगायचं राहिलं? त्या मुलीने आणि तिच्या आईने हे काम माझ्या टेबलावर केलं. आई शाळेत कधी सातवीपुढे गेल्या नव्हत्या. दुसऱ्या दिवशी दुपारी त्या म्हणाल्या, ‘हे द. भि. तीनदा आले, पण यादीत पुस्तक एकच आहे. दुसरी दोन कुठंयत?’ मुलीने वही उघडली. दोन्ही सापडली.